काळ्या भाजीचं बी

ऑक्टोबरातली सकाळ. मी कामावर निघायच्या गडबडीत होते, आणि गॅलरीतून आईंची हाक आली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, गू फेंगदी. हाका मारायची त्यांना सवय नाही. काही हवं असलं की त्या सरळ समोर येऊन उभ्या राहतात आणि काय ते आपणच ओळखायचं. म्हणून मी एक बूट पायात आणि एक हातात अशी धावले.

गॅलरीत कठड्याला लागून थर्माकोलची खोकी मांडलेली होती. मासळीवाल्याकडून मागून आणलेली, तळाला भोकं पाडून मातीनं भरलेली. त्यातल्या एका खोक्यापुढे आई उकिडव्या बसल्या होत्या.

"आ-यिंग, हे काय आहे?"

"भाजी."

"कुठली?"

मी वाकून पाहिलं. आईंच्या खोक्यांत एकच भाजी असते, थाखत्साय. ती वर वाढतच नाही. जमिनीला चिकटून ताटासारखी पसरते. चमच्याएवढी, सुरकुतलेली, जवळजवळ काळी पानं एकावर एक रचल्यासारखी. घरात आम्ही तिला नुसतं 'काळी' म्हणतो. पण त्या दिवशी खोक्यातली निम्म्याहून अधिक रोपं मान वर करून उभी होती. देठ पांढरट आणि रुंद, पानं गुळगुळीत, रंग उजळ.

"काळीच आहे ना? जरा उंच झालीय."

"उंच नाही झाली, उभी राहिली. काळी कधी उभी राहत नाही." आईंनी एक रोप मुळासकट उपटलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि कठड्यावरून खाली नजर टाकली. "बाटवलं तिनं. माझं बी बाटवलं."

'ती' म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, अगदी आमच्या गॅलरीखाली, लू बाओझू राहतात. आईंची धाकटी नणंद, म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. शांघायच्या पश्चिमेला कालव्याकाठी आमचं गाव होतं आणि आत्यांचं सासर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वाडीत. दोन्ही एकदमच पाडली गेली, आणि सगळ्यांना या नव्या वसाहतीत घरं मिळाली. कोणाला कुठलं घर ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. कोण कोणाशी बोलत नाही हे चिठ्ठीला कुठून माहीत असणार?

आई आणि आत्या बोलत नव्हत्या त्या माझे सासरे गेले तेव्हापासून. गाव पाडायचं ठरलं त्याच उन्हाळ्यात त्यांची फुप्फुसं निकामी झाली. आत्यांचं म्हणणं होतं, दादाला घरी आणा. घर उभं आहे तोवर त्याला त्याच्या खाटेवर जाऊ दे. आईंनी ऐकलं नाही. सासरे इस्पितळातच गेले. आत्या अंत्यविधीला आल्या, सगळं रीतीनं केलं, आणि निघताना सगळ्यांदेखत आईंना म्हणाल्या, "स्वतःचं घर असताना माझ्या भावाला तू परक्या खाटेवर मरू दिलंस." आईंनी त्यावर चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून लिफ्टपाशी दोघी समोरासमोर आल्या तर एक जण जिन्याकडे वळायची.

आता बियाचं. दोघींकडचं बी एकाच बाईचं, माझ्या आजेसासूबाईंचं. काळी त्या परसात लावायच्या आणि हिरवी कालव्यापलीकडच्या तुकड्यात. हिरवी म्हणजे आमच्याकडची बुटकी, जाड देठाची, बारा महिने बाजारात दिसणारी ती. मरण्याआधी त्यांनी काळीचं बी सुनेच्या हाती दिलं. हिरवीचं त्याआधीच लेकीबरोबर सासरी गेलं होतं. दोन भाज्या दिसायला वेगळ्या, पण आतून सख्ख्या बहिणी. वसंतात दोघींना पिवळी फुलं एकदमच येतात, आणि मधमाशी एकीवरून उठून दुसरीवर बसली की जे बी धरतं ते धड हिचं नाही आणि धड तिचं नाही. गावात मध्ये कालवा होता, घरं होती, तुतीच्या रांगा होत्या. इथे मध्ये काय, तर तीन गॅलऱ्या.

नव्या घरात आल्यावर सुरुवातीला काही झालं नाही, कारण आत्यांना लावायला जागाच नव्हती. त्यांच्या खिडकीपुढे सोसायटीनं शोभेची झुडपं लावली होती. ती एकेक करून वाळत गेली. का वाळली ते आत्यांना ठाऊक, व्यवस्थापनाचा माणूस विचारायला आला तेव्हा त्यांनी त्यालाच झापलं, "झाडं लावता ती जरा जगणारी लावा!" मग तिथे लसणाची पात आली, पाठोपाठ हिरवी आली, आणि गेल्या वसंतात आत्यांनी पहिल्यांदा तिला बियासाठी फुलू दिलं. वर आमच्या गॅलरीत काळीही फुलली होती. आई रोज सकाळी मधमाश्या बघून खूश व्हायच्या. "चौथ्या मजल्यावरसुद्धा येतात गं बाया," म्हणायच्या. त्या कुठून येतात हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी परतताना मी मुद्दाम आत्यांच्या खिडकीपुढून आले. मी बाहेरच्या आन्ह्वे प्रांतातली, लग्न होऊन इथे आलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंना माझं येणंजाणं कसंबसं चालतं. आत्या नळीनं पाणी घालत होत्या.

"आत्या, जेवलात?"

"जेवले. तुझ्या सासूनं सकाळी माझ्या डोक्यावर रोप टाकलं."

"टाकलं नसेल, पडलं असेल."

"पडलेलं मला कळतं आणि टाकलेलंही कळतं." नळी बाजूला ठेवून त्यांनी मला वाफ्याजवळ बोलावलं. "हे बघ. आणि वर जाऊन सांग."

त्यांच्या हिरवीत जागोजागी काळपट, चपटी पानं डोकावत होती. काही रोपं तर गोंधळल्यासारखी अर्धी पसरलेली, अर्धी उभी.

"माझी हिरवीही गेली," आत्या म्हणाल्या. "बी काय तिचं एकटीचंच बाटलं? तिच्या माश्या माझ्याकडे आल्याच ना?"

वर जाऊन मी हे सांगितलं. आई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. निवडता निवडताच म्हणाल्या, "तिच्याकडे हिरवीचं जुनं बी असेल. ती साठवते. मी मूर्ख, मी वाटून टाकते."

ते खरं होतं. दरवर्षी नवं बी आलं की उरलेलं जुनं आई गावच्या बायकांना देऊन टाकत. बायका हौसेनं पेरत आणि कोवळी असतानाच खाऊन मोकळ्या होत; फुलोऱ्यापर्यंत कोणी थांबलेलं नव्हतं. तरी आईंनी कपाट उपसलं. शेवटी चहाच्या रिकाम्या डब्यात एक कागदाची पुडी सापडली. गाव पाडल्यावर आणि ही इमारत होईपर्यंत आम्ही भाड्याच्या घरात होतो, तेव्हाची. त्या घराच्या भिंतींना जूनच्या पावसात पाणी सुटायचं. पुडीला बुरशीचा वास येत होता.

आईंनी ओल्या कापडावर बी पसरलं आणि वर बशी उपडी घातली. माझा नवरा योंगछांग रोज कामावर जाताना विचारायचा, "आई, काही हालचाल?" आणि त्या म्हणायच्या, "तू आधी जा." पुष्कळशा बिया नुसत्या फुगल्या आणि सडल्या. पण काहींना बारीक पांढरं शेपूट फुटलं. आईंनी ती एकेक करून काडीनं उचलली आणि मातीत टेकवली. सप्टेंबरात पेरायची भाजी ऑक्टोबर संपता संपता लावत होत्या. थंडीआधी तिला अंग धरायला वेळ कमी मिळणार होता. बाटलेली सगळी त्यांनी उपटली आणि आम्ही तोफूबरोबर खाल्ली. योंगछांग म्हणाला, "चव चांगली आहे की." आईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे काही बोलला नाही.

दरवर्षी विरळणी करताना जी पोरसवदा रोपं निघतात त्यांना आमच्याकडे 'कोंबडीची पिसं' म्हणतात; त्यांचा रस्सा होतो, आणि शरद ऋतू आला हे घरात त्या रश्श्यानं कळतं. त्या वर्षी पिसं निघाली नाहीत. विरळायला होतंच काय! डझनभर रोपं. आई त्यांना सकाळी ऊन येईल तिकडे सरकवत, दुपारी परत आणत. पाणी बोटानं शिंपडत. पहिलं दहिवर पडलं तेव्हा मी घाबरून वर प्लॅस्टिक टाकायला गेले, तर मलाच ओरडल्या. "झाकू नकोस! थंडी लागल्याशिवाय ती गोड कशी होईल?" खरंच, थंडीत ती भाजी वेगळीच होते. पानं आणखी काळी पडतात, आणखी दाट बसतात, आणि पहाटेच्या बर्फात गोठलेली दुपारी पुन्हा सैल होतात, जणू काही झालंच नाही.

नववर्षाच्या जेवणात आमच्या घरी बांबूचे हिवाळी कोंब आणि काळी असतेच. त्या वर्षी आईंनी बाजारातून भाजी आणली, कोंबांबरोबर परतली, आणि स्वतः एकच घास घेऊन वाटी बाजूला सारली. गॅलरीतल्या रोपांचं एक पानसुद्धा त्यांनी तोडलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला रोपांच्या मधोमध डेंगळे वर आले. टोकाला कळ्यांचे झुबके दिसायला लागले, आणि आई अस्वस्थ झाल्या. खाली आत्यांच्या वाफ्यातली सरमिसळ आमच्या रोपांच्याही पुढे होती; दोन-चार दिवसांत फुललीच असती.

"मच्छरदाणी बांध," योंगछांगनं सुचवलं. "जुनी आहे ना आपली."

"मग आत माश्या कुठून येणार? माशीशिवाय शेंग धरत नाही."

"ब्रशनं करायचं. या फुलावरचे पराग त्या फुलावर. लोक करतात, मी पाहिलंय."

"म्हणजे या वयात मी मधमाशी व्हायचं?"

तरी त्यांनी मच्छरदाणी बांधली. पहिली फुलं उमलली तेव्हा माझ्या मुलीचा रंगाचा ब्रश घेऊन आत शिरूनही बसल्या. पण त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि हात थरथरतो. ब्रश फुलावर टेकण्याऐवजी देठाला लागायचा. बघता बघता एक डेंगळा मोडला. तेव्हा त्या बाहेर आल्या, ब्रश धुऊन मुलीच्या डब्यात ठेवला, केस विंचरले आणि चपला बदलल्या.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"खाली."

मी मागोमाग गेले. म्हटलं, दोघींचं काही झालंच तर मध्ये कोणी असावं.

आत्या दाराबाहेर बांबूच्या बुटक्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. आईंना पाहून त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि मगच वर पाहिलं.

आई उभ्याच राहिल्या. "तुझी फुलं काप," म्हणाल्या.

एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य हे. मी मनात म्हटलं, संपलं.

"का म्हणून?" आत्या म्हणाल्या. "तुझी काप."

"माझ्याकडे जुन्या बियाची डझनभर रोपं आहेत. तीही जेमतेम. यंदा बी धरलं नाही तर काळी संपली. तुझ्या वाफ्यात सगळी भेसळच आहे, ती फुलवून तुला काय मिळणार? तुझ्या हिरवीचं जुनं बी तुझ्याकडे आहे."

"तुला कोणी सांगितलं आहे म्हणून?"

"तू साठवतेस. आईसारखी."

आत्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "आईनं काळी तुला दिली. पोटच्या पोरीला हिरवी, जी बाजारात ढिगानं मिळते. आणि काळी सुनेला."

"मी मागितली नव्हती."

"मागितली नव्हतीस म्हणूनच दिली असेल." आत्यांनी भांडं मांडीवरून खाली ठेवलं. "फुलं कापते मी. सगळी कापते. पण मला एक सांग, वहिनी. दादा शेवटी काय म्हणाला? मला त्या दिवशी बाहेर बसवलंस. दार लावलंस. आत तो काय म्हणाला?"

अंगणात कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिची घरघर चालली होती. आई आत्यांकडे बघत राहिल्या. मग त्या वळल्या आणि लिफ्टकडे चालायला लागल्या.

"बघितलंस?" आत्या मला म्हणाल्या. "बघ तुझी सासू. भाजीसाठी खाली येते, माणसासाठी तोंड उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा टाकायला मी दार उघडलं, तर कडीला पिशवी अडकवलेली. आत झाकणाची वाटी, हाताला गरम लागली. परतलेले डेंगळे होते, कळ्यांसकट, थोडी साखर आणि तांदळाची दारू घालून, अगदी आमच्या आजेसासूबाईंच्या पद्धतीनं केलेले. मी गॅलरीत जाऊन खाली पाहिलं. आत्यांच्या वाफ्यात एकही पिवळा ठिपका नव्हता. सगळं जमिनीपासून छाटलेलं.

आईंनी वाटी बराच वेळ हातात धरली. मग चॉपस्टिक्स मागितल्या आणि उभ्याउभ्याच खाल्लं.

"मीठ जास्त झालंय," म्हणाल्या. "तिचं नेहमीच होतं." आणि मच्छरदाणी काढायला गेल्या.

त्या वसंतात आमच्या गॅलरीत माश्या आल्या आणि गेल्या, आणि खाली त्यांच्यासाठी काही नव्हतं. वसाहतीत बाकीच्यांनी लावलेली भाजी फुलण्याआधीच पोटात गेली होती. पाकळ्या गळून शेंगा दिसू लागल्या, सुईसारख्या, मग जाड होत गेलेल्या. छिंगमिंगला, पूर्वजांच्या थडग्यांवर जायच्या दिवशी, आम्ही गाडी काढली तेव्हा आत्या फाटकाशी कागदी नाणी आणि उदबत्त्या घेऊन बसची वाट बघत होत्या. योंगछांगनं गाडी थांबवली. पुढे बसलेल्या आईंनी मागे न बघता म्हटलं, "पाय वर घे, बाओझू, खाली फळांची पिशवी आहे." आत्या मागे माझ्याशेजारी बसल्या. थडग्यावरचं तण दोघींनी मिळून उपटलं.

मेमध्ये शेंगा वाळल्या. त्या वेळेवर उतरवाव्या लागतात. उशीर झाला की आपोआप फुटून बी उडून जातं. आईंनी सगळे देठ कापून चादरीत बांधले. पण गॅलरीत पाखडायला वारा नाही आणि हात पसरायला जागाही नाही. गाठोडं काखेत मारून त्या खाली गेल्या, आत्यांच्या दारापुढे चादर पसरली आणि बसल्या. त्यांनी विचारलं नाही, आत्यांनीही हटकलं नाही. आतून सूप आणून शेजारी ठेवलं आणि स्वतःही बसल्या. मला सुट्टी होती, मीही हात लावला.

वाळलेल्या शेंगा तळहातात चुरल्या की बारीक कडकड आवाज होतो, आणि मोहरीहून लहान, तांबूसकाळं बी बोटांमधून खाली झरतं. आम्ही तिघी बराच वेळ नुसत्या चुरत होतो. मग आईंनी मान खाली ठेवूनच सुरुवात केली.

"तो घाबरला होता."

आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझा दादा. तू त्याला घरी न्यायचं म्हणत होतीस ना, त्याला मी विचारलं होतं. दार लावून तेच विचारलं. म्हटलं, बाओझू म्हणतेय ते बरोबर आहे, चला घरी. तर त्यानं माझं मनगट धरलं. एवढं घट्ट, की वळ उठले. म्हणाला, इथे नळी आहे, घरी श्वास कोंडला तर? मला नको नेऊस. मला भीती वाटते, फेंगदी."

"दादा?" आत्या म्हणाल्या.

"आणि म्हणाला, बाओझूला सांगू नकोस. तिला वाटतं मी कशालाच भीत नाही."

आत्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. रडवेला नव्हता, कोणी अनोळखी भाषेत बोलावं आणि आपल्याला ती समजावी, तसा काहीसा झाला होता.

"मी पाच-सहा वर्षांची असेन, कालव्यात पडले होते," त्या म्हणाल्या. "थंडीत. त्यानं कपड्यांसकट उडी मारली होती. त्याला तेव्हा धड पोहताही येत नव्हतं."

"मला माहीत आहे. शंभरदा सांगितलंय त्यानं."

"मग?"

"मग काय? कालव्यात उडी मारायला एक क्षण लागतो. तो तिथे महिनाभर पडून होता."

सुपाच्या कडेवर एक चिमणी येऊन बसली, तिला कोणी हाकललं नाही.

"मी तुला एवढं बोलले," आत्या म्हणाल्या. "लोकांसमोर बोलले. तेव्हा तरी सांगायचंस."

"त्यानं नको म्हटलं होतं."

"मेल्यावरसुद्धा?"

"मेल्यावर तो येऊन म्हणाला असता का, की आता सांग?" आईंचा आवाज जरा चढला. मग खाली आला. "आणि मलाही राग होता. मला वाटायचं, इतकी वर्षं एका घरात जेवलीस, मी त्याला उगीच तिथे ठेवीन असं तुला वाटलंच कसं?"

आत्यांनी पुन्हा शेंगा उचलल्या आणि जोरजोरात चुरायला लागल्या, इतक्या जोरात की बी चादरीबाहेर उडायला लागलं.

"हळू!" आई ओरडल्या. "आधीच मूठभर आहे!"

"मग आधी सांगायचंस, मूठभर आहे ते," आत्या म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांचा आवाज फाटला. त्या उठून घरात गेल्या. आम्ही बाहेर नळाचा आवाज ऐकत राहिलो. आई गुडघ्यांवर टेकून चादरीबाहेरचं बी एकेक करून बोटाच्या ओल्या टोकानं टिपू लागल्या. मी मदतीला वाकले तर म्हणाल्या, "तू राहू दे. तू पाखड."

आत्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तीन पेले चहा होता.

दोघी त्या दिवसापासून गळ्यात गळे घालून फिरायला लागल्या, असं मला सांगता येणार नाही. आत्या आईंना अजूनही टोमणे मारतात. आई अजूनही त्यांच्या मिठाला नावं ठेवतात. पण त्यांनी एक ठरवलं, आणि ते ठरवताना मी तिथेच होते. बी नीट कोरडं ठेवलं तर तीन-चार वर्षं टिकतं. म्हणजे दोन्ही भाज्या दरवर्षी फुलायची गरज नाही. एका वसंतात काळी फुलेल, पुढच्या वसंतात हिरवी. जिची पाळी नसेल तिनं कळी दिसली की कापायचं.

"आणि मी मध्येच गेले तर?" आत्यांनी विचारलं होतं.

"तर मी कापीन," आई म्हणाल्या. "तुझं-माझं दोन्ही."

"म्हणजे तू मागे राहणार हे तूच ठरवून टाकलंस?"

"कोणी तरी राहिलं पाहिजे. कात्री धरता येईल असं."

शरदात नवं बी पेरलं. बहुतेक सगळं चपटं, काळं, सुरकुतलेलं उगवलं. जी दोन-तीन रोपं संशयास्पद वाटली ती आत्यांनी वर येऊन, चष्मा लावून उपटली. आमच्या घरात त्या तेव्हा पहिल्यांदाच आल्या होत्या. सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, भावाच्या तसबिरीपुढे जरा थांबल्या, आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "ओट्याची उंची चुकलीय." त्या रात्री जेवायला थांबल्या. आईंनी कोवळ्या पिसांचा रस्सा केला होता.

यंदाचा वसंत हिरवीचा आहे. आत्यांनी जुन्या बियाची हिरवी शरदातच लावली होती. चांगली रसरशीत आली आणि फुललीही छान. आईंनी गॅलरीतल्या काळीच्या कळ्या कापल्या. कापताना मला बोलावलं नाही. मी आले तेव्हा खोक्यांत नुसते खुंट होते आणि आई कात्री पुसत होत्या.

गेल्या आठवड्यात आत्या मुलाकडे हांगचौला गेल्या आहेत. नातवाचं काहीतरी आहे. जाताना आईंना काही सांगून गेल्याचं मी ऐकलं नाही. पण आई रोज सकाळी खाली जातात, आत्यांच्या स्टुलावर बसतात आणि हातात जुन्या पंख्याची काडी घेऊन चिमण्या हाकलतात. कोवळ्या शेंगा चिमण्यांना फार आवडतात. समोरून जाणारी एखादी बाई विचारते, "फेंगदीताई, भाजी तुमची का?"

"नाही," आई म्हणतात, "नणंदेची आहे."

काल दुपारी मी गॅलरीतून हाक मारली, "आई, जेवायला या."

त्यांनी वर बघितलं, डोळ्यांवर हात धरून.

"इथेच पाठव," म्हणाल्या. "आणि लोणचं दे थोडं."